मांडवीच्या घराची कवड

सखाराम म्हाळाला जेवायला येणार हे मला ठाऊक होतं. दोन वर्षं त्याने भाड्याचा पैसा दाखवला नव्हता, पण तांडेलांच्या म्हाळाला तो कधी चुकला नाही. तांडेल म्हणजे आमचे घरचे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी घरात त्यांचं नाव तेच. त्यांच्या गलबतावर सखाराम बारा वर्षं खलाशी होता. मलबारच्या फेऱ्यांत एका तव्यावरची भाकरी दोघांनी मोडून खाल्लेली. तेव्हा पितृपक्षात त्यांच्या नावाने जेवायला घालायचं तर सखारामाचं पान मांडायलाच हवं, मग तो कसाही वागो.

रघूला, माझ्या थोरल्याला, हे पटत नव्हतं. पावसाळा सरून बोट सुरू झाली तसा तो मुंबईहून आला होता, आणि बंदरावर उतरतानाच त्याच्या खिशात वकिलाने लिहून दिलेला कागद होता. गोदीत कारकुनी करून करून त्याला कागदाशिवाय काही खरं वाटेनासं झालंय.

"आये, ज्याला नोटीस द्यायची त्यालाच तू वडे वाढणार?"

"नोटीस तू दे. वडे मी वाढते," मी म्हटलं. "दोन्ही कामं एका माणसाने करायची नाहीत."

मालन चुलीपुढे होती. ती तोंड फिरवून हसली. मालन म्हणजे धाकट्या धोंडूची बायको. माझ्या बोलण्यावर हसण्याची तिची पद्धत नाही, म्हणून मी त्या हसण्याची नोंद घेतली. त्या दिवसांत मालन रघूच्या बाजूची झाली होती. एरवी थोरल्या दिराचं नाव निघालं की ती भांडी आपटायची, मुंबईला राहतात आणि इथल्या माडांचे हिशेब विचारतात म्हणून. आता त्याच्या ताटात न मागता भात पडत होता.

कारण होती सगुणा, माझी लेक. भागोजीची, म्हणजे जावयाची गिरणी बंद पडली आणि वैशाखात त्याने सगुणाला दोन पोरांसकट इथे मिऱ्याला, आमच्या घरी धाडून दिलं. तो स्वतः मुंबईत कुणाच्या तरी खोलीच्या बाहेर पथारी टाकून काम शोधत होता. पोरीला माहेरी यायला कुणाची परवानगी लागते? मी मालनला विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. सगुणा आली, तिचं गाठोडं मधल्या खोलीत ठेवलं, मालनचं बिऱ्हाड मागल्या पडवीत गेलं. पाच महिने झाले. मालन मला एका शब्दाने बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मला शहाणपण वाटलं होतं.

रघूचा बेत सरळ होता. मांडवी बंदरावर आमचं एक घर आहे, चिऱ्याचं, दोन खोल्या आणि ओटी. तांडेलांनी मंगळूरहून स्वतःच्या गलबतातून कौलं आणून ते शाकारलेलं. त्यात सखाराम भाड्याने राहायचा आणि बोटीच्या उतारूंना जेवायला घालायचा. त्याला काढायचं आणि तिथे सगुणाला बसवायचं. बोट सुरू झालीच होती, चार महिन्यांत तिच्या पोरांचा वर्षाचा खर्च निघेल. "तुझी ताटं तू वाढ, कुणाच्या हाताखाली नको," असं रघू तिला म्हणाला, तेव्हा पाच महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली. हे मला मालननेच दाखवलं. "बघा, आज ननंदबायनी मागून घेतलं," म्हणाली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. एका घरात दोघी कोंडल्या गेल्या होत्या आणि दोघींना एकच दार दिसत होतं.

फक्त धोंडू काही बोलत नव्हता. मांडवीचा विषय निघाला की त्याला जाळी वाळत घातल्याची आठवण व्हायची. मी म्हटलं, याचा स्वभावच मऊ, भांडण नको असेल.

सखाराम आला तो धुतलेलं धोतर नेसून, हातात केळ्यांची फणी. त्याने पाटावर मांडलेल्या तांडेलांच्या टोपीपुढे डोकं टेकवलं. डोळे पुसले. ते पुसणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मग तो जेवला. काळ्या वाटाण्याची उसळ दोनदा घेतली, खीर घेतली. रघू समोर बसून त्याचा घासन् घास बघत होता. आमच्याकडे मेल्या माणसाच्या पानावर बसलेल्याला जेवताना टोकत नाहीत, आणि हे सखारामाला आमच्याइतकंच ठाऊक. तो सावकाश जेवला.

हात धुऊन ओटीवर टेकला तसा रघूने कागद काढला आणि वाचला. दोन वर्षांचं भाडं, पंधरा दिवसांत घर खाली करणे, नाहीतर कोर्ट. सखारामाने सगळं ऐकून घेतलं. मग विडा लावत माझ्याकडे बघून म्हणाला, "वयनी, मी त्या घरात असतो तर खाली केलं असतं. मी तिथं राहतच नाय."

तो दीड वर्षांपूर्वीच सावर्ड्याला गेला होता. तिथे बाजारात त्याच्या मेव्हण्याबरोबर सुक्या मासळीचं दुकान टाकलं होतं. मांडवीच्या घरात त्याने पोटभाड्याने एक बाई ठेवली होती, गुहागरकडची, तुळसा नावाची. ती खानावळ चालवत होती. महिन्याचे सहा रुपये ती सखारामाला देत होती. आम्हाला द्यायचे होते चार, ते त्याने दिलेच नाहीत.

"तांडेल असताना वादळात अर्धं छप्पर उडालं, ते मी माझ्या पैशाने शाकारलं," तो म्हणाला. "तांडेल म्हणाले होते, भाड्यात वळतं करू. ते गेले. मी वळतं करून घेतलं."

मला ते वादळ आठवत होतं. कौलं यानेच चढवली हेही खरं होतं. पण दोन वर्षांचं भाडं आणि वर महिन्याचे सहा रुपये, एवढी कौलं काय राजाच्या वाड्यावर चढली होती? मी तसं म्हटलं. त्याने मान खाली घातली नाही.

"काय असेल ते असो. आता माझ्याशी भांडून उपयोग नाय. या वर्षीचं घर तिचं. तुम्हीच दिलंत. बंदरावर, चार बायकांदेखत."

आणि माझ्या ध्यानात आलं.

त्या घराचा कागद कधी झाला नव्हता. तांडेलांना लिहिता येत नव्हतं आणि मला पोथीतली मोठी अक्षरं जुळवण्यापलीकडे येत नाही. बंदराच्या घरांचा रिवाज वेगळा. नारळी पुनवेला दर्याला नारळ सोडून झाला की भाडोत्री घरधनिणीला एक नारळ आणून देतो. ती तो फोडते, एक कवड आपण ठेवते, दुसरी त्याच्या हातात देते. कवड दिली की पुढल्या पुनवेपर्यंत घर त्याचं. मधे बाहेर काढायचं नाही, मग तुमच्या घरात लग्न निघो की मयत. नाही दिली तर त्याने महिन्याभरात बिऱ्हाड हलवायचं. कज्जा नाही, कचेरी नाही.

गेल्या वर्षीच्या पुनवेला सखाराम आलाच नव्हता. तेव्हाच मी माणूस धाडून चौकशी करायला हवी होती. मी म्हटलं, मी का विचारायला जाऊ? येईल झक मारत. या पुनवेला मांडवीला दर्याची पूजा करून मी वळले, तर एक बाई पुढे आली, डोक्यावरून पदर, हातात नारळ. "तुमच्या मांडवीच्या घरातला," म्हणाली. मला वाटलं सखारामाने सुनेला पाठवलं. राजिवड्याच्या, मांडवीच्या सगळ्या बायका बघत होत्या. वर्षभर त्यांच्यातच कुजबुज होती की तांडेल गेले आणि तांडेलणीला भाडोत्रीसुद्धा विचारत नाही. मी नारळ दगडावर फोडला, एका घावात फुटला, तिच्या हातात कवड ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सखारामाला सांग, उशिरा का होईना, अक्कल आली." बाईने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता.

रघू म्हणाला, नारळाबिरळाला कोर्टात कुणी विचारत नाही, आपण नोटीस त्या बाईच्या नावाने काढू.

"धोंडूला विचार काढायची का," सखाराम म्हणाला. "त्याची जाळी मागल्या खोलीत असतात. पावसाळाभर तिनेच सांभाळली. मी गेलो तेव्हापासून त्याला ठाऊक हाय सगळं."

धोंडू खांबाला टेकून उभा होता. कुणी त्याला काही विचारलं नाही. त्याची गरजही राहिली नव्हती. मिऱ्यावरून जाळी वाहून न्यायची खेप वाचावी म्हणून या पोराने मांडवीची एक खोली फुकटात घेतली आणि त्या बदल्यात तोंड शिवलं. त्याने एकदा जरी सांगितलं असतं तरी मी तो नारळ हातात घेतला नसता.

मला मात्र त्या क्षणी धोंडूचं तोंड दिसलं नाही, मालनचं दिसलं. ती आतल्या उंबऱ्यावर उभी होती. पुढे कधीतरी तिने मला सांगितलं की तिला त्या वेळी राग आला नाही, लाज वाटली. पाच महिने ती मनातल्या मनात म्हणत होती की या घरात सगळे माझ्यावर अन्याय करतात, माझाच नवरा तेवढा भोळा. आणि जे दार उघडावं म्हणून ती वाट बघत होती, ते त्या भोळ्यानेच आतून धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मांडवीला गेले. रघू आणि सगुणा बरोबर होती. वाटेत रघू मला समजावत होता. बाई एकटी आहे, मागेपुढे कुणी नाही, दोन शब्द कडक बोललो की निघून जाईल. सगुणा पुढे चालत होती, भराभर, जणू उशीर झाला तर घर कुणी उचलून नेईल.

घर झाडून स्वच्छ होतं. ते मी आधी पाहिलं, कारण मला त्यात खोड सापडायला हवी होती. ओटी सारवलेली. दोन चुली, एकीवर भात, एकीवर सार. आत बोटीची वाट बघणारे तिघे उतारू जेवत होते आणि कुणी आवाज चढवून बोलत नव्हतं. मागल्या खोलीत धोंडूची जाळी घडी करून दोरीवर टांगलेली, उंदीर लागू नये म्हणून. सखारामाच्या वेळी त्या ओटीवर कोंबड्या फिरायच्या.

तुळसा पस्तिशीची असेल. तिने आम्हाला ओळखलं, हात पुसले आणि उभी राहिली. बसा म्हणाली नाही. माझ्याच घरात मला बसा म्हणायचं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"त्या दिवशी बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलणार होते. तुम्ही सखारामदादांचं नाव घेतलंत, सगळ्या हसल्या. मग मी बोलले असते तर तुमचं हसू झालं असतं."

मग तिने हळूहळू बाकीचं सांगितलं. नवरा मुंबईला गेला त्याला आठ वर्षं झाली, पत्र नाही, मेल्याची खबरही नाही. सखाराम भाडं पुढे देत नाही, हे तिला या वर्षी आषाढात कळलं. धोंडूच्या तोंडून निघून गेलं. तेव्हा तिने ठरवलं की पुनवेला नारळ आपणच न्यायचा, म्हणजे घरधनीण तरी तोंडावर काय ते बोलेल.

रघूने घसा खाकरून सुरू केलं. ती मध्येच त्याला थांबवून माझ्याकडे वळली.

"तुमची लेक आलीय असं बंदरावर बोलतात. तिला घर हवं असेल. तुम्ही जा म्हणालात तर मी जाईन, काकी. कवड मी कुणाला दाखवणार नाय. ती खाल्ली मी."

एवढं सोपं होतं. ती जायला तयार होती, न भांडता, न रडता. रघूने माझ्याकडे बघितलं. सगुणा चुलीजवळ उभी होती. तिने एका चुलीतलं पुढे आलेलं लाकूड आत सारलं, बाई घरात सारते तसं. तिचं मन कुठवर पोचलं होतं ते मला त्या एका हालचालीत दिसलं.

आणि मला तुळसाला जा म्हणता येईना. दयाबिया नाही. दया मला लवकर येत नाही, घरात विचारा कुणालाही. पण बंदरावर तीस वर्षं मी दिलेला शब्द चालत आला होता, तो लोक मला घाबरत म्हणून नाही. तांडेल सहा-सहा महिने दर्यावर असत. तेव्हा माझ्यापाशी शब्दाखेरीज होतं काय? ना कागद, ना माणूस. आणि चूक माझी होती. मिरवायला म्हणून मी न विचारता, न बघता कवड दिली. माझ्या मिरवण्याचं मोल या बाईने का भरायचं? जी माझं हसू होऊ नये म्हणून गप्प बसली, तिने?

"पुढल्या पुनवेपर्यंत घर तुझं," मी म्हटलं. "भाडं चार रुपये, माझ्या हातात. सखारामाला दमडी द्यायची नाय. आला मागायला तर म्हणावं, म्हाळाला जेवायला ये, बाकी काही मिळणार नाही."

रघू फार चिडला होता. बाहेर पडल्यावर म्हणाला, "कोर्टात हा नारळ एक मिनिट टिकणार नाही, आये."

"मी कोर्टात राहत नाही, रघू. मला मिऱ्यावर राहायचंय."

"आणि सगुणाने कुठे राहायचं?"

सगुणा मागून येत होती. एवढा वेळ ती माझी लेक होती. त्या वाटेवर ती नुसती कुणी बाई होऊन चालत होती. चार वर्षांनी, तिचे दिवस बरे आल्यावर, तिने मला सांगितलं: "आये, त्या दिवशी मला वाटलं, तुला एका परक्या बाईपुढे तोंड राखायचं होतं, म्हणून तू माझ्या पोरांच्या तोंडचा घास दिलास." मी तिला खोटं पाडायला गेले नाही. तिच्या जागेवरून ते तसंच दिसणार.

घरी आलो तेव्हा मालन माडाखालच्या दगडावर मासळी साफ करत होती. धोंडू तिच्यापासून दहा पावलांवर बसून कोयता घासत होता. काल दुपारपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. रघूने तिला तिथेच सगळं सांगून टाकलं. मीठ लावूनच सांगितलं. त्याला वाटलं असणार, आता मालन आकाशपाताळ एक करील आणि आईला माघार घ्यावी लागेल.

मालन हात धुऊन उभी राहिली. ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. म्हातारी आता काय हुकूम सोडते याची ती वाट बघत होती. पाच महिन्यांपूर्वी मी जे केलं तेच आता करणार, सगुणा इथेच राहील, तुम्ही पडवीत राहा, असं एका वाक्यात सांगून आत जाणार. तसं मी सांगितलं असतं तर तिला ऐकावंच लागलं असतं. नवऱ्याने तिला उभं राहायला जागा ठेवली नव्हती.

तिच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षांत मी तिच्याकडे एक गोष्ट मागितली नव्हती. लागलं ते सांगत आले.

"मालन," मी म्हटलं, "चूक माझी झाली. मी न बघता कवड दिली. ती बाई आता वर्षभर हलणार नाही, आणि मी तिला हलवणार नाही. तेव्हा सगुणाला तू वर्षभर इथे ठेवून घेशील का?"

धोंडूचा कोयता थांबला. रघू माझ्याकडे बघायचं सोडून समुद्राकडे बघायला लागला.

"विचारताय की सांगताय?" मालन म्हणाली.

"विचारते."

"नाय म्हटलं तर?"

"नाय म्हटलंस तर मी आणि सगुणा पोरांना घेऊन पडवीत राहू. मधली खोली तुझी. ती तशीही तुझीच."

तिने पदराने कपाळ पुसलं. मग बोलली ती माझ्याशी नाही, सगुणाशी.

"ननंदबाय, राहा. पण चूल एक आणि चुलीवर शब्द माझा. तांदूळ किती शिजवायचे, कुणाला कधी वाढायचं, ते मी ठरवणार. मला न विचारता कणगीला हात लावायचा नाय." मग माझ्याकडे वळली. "तुम्हीसुद्धा, आये."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं धारदार होतं, आजही आठवतं. रघूला वाटलं मी ते बोलणार. सगुणालाही वाटलं. तिने घाबरून माझा दंड धरला. मांडवीपासून तिने मला पहिल्यांदाच हात लावला.

"बरं," मी म्हटलं.

रघू चौथ्या दिवशीच्या बोटीने गेला. जाताना पाया पडला, पण कागद परत खिशात घालून नेला. पुढल्या वर्षी उपयोगी पडेल म्हणाला. धोंडूने मांडवीहून जाळी डोक्यावरून आणली, दोन खेपा केल्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रघू गेला त्या संध्याकाळी मी सवयीने कणगीपाशी गेले आणि हात पुढे करून थांबले. मालनने मागून बघितलं. माझ्या बाजूने पुढे होऊन तिने शेराचं माप भरलं, थोडे तांदूळ परत आत ओतले, उरलेले सुपात घातले आणि सूप माझ्यापुढे आणून ठेवलं.

"एवढे निवडा," म्हणाली. "खडे फार हायत या खेपेला."

सहा माणसांना ते थोडे होते. मला एका नजरेत कळलं. मी दिवा जवळ ओढला आणि निवडायला बसले. थोड्या वेळाने सगुणा समोर येऊन बसली आणि सुपाची दुसरी कड तिने आपल्याकडे ओढून घेतली.